आधी माग थांबवायचा

यंत्रमागांच्या शेडमध्ये त्याला सगळे रेडिओ म्हणत. हे त्याच्या शेजाऱ्यांना सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं, कारण घरी हा माणूस कायम तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. मुळातच बोलणं कमी, त्यात बायको गेल्यापासून ‘हं’ आणि ‘असू दे’ एवढ्यावरच सगळं भागत होतं. शेडमध्ये मात्र माग असे धडधडायचे की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी उपयोग नसे. म्हणून तिथे सगळं बोलणं हातांनी. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा. पोटावरून गोल हात फिरवला की जॉबर, म्हणजे शेडचा मुकादम, येतोय, कारण जॉबरचं पोट त्याच्या आधी दारातून आत येई. या भाषेत रेडिओचा हात धरणारा कोणी नव्हता.

बायको वारली तेव्हा तो रडला नाही. नातेवाइकांनी आधी वाट पाहिली, मग कुजबुज केली, मग आपापल्या घरी गेले. तो दगड नव्हता. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतो, मग गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं. जेवायचा, कामावर जायचा, परत यायचा. त्याची मुलगी ठकी, वय वर्षं नऊ, ती आधी खूप बडबडायची. समोरून ‘हं’शिवाय काही येईना, तेव्हा तीही हळूहळू गप्प झाली.

हे पाहून थोरल्या मेहुणीने निर्णय घेतला. बाई वाईट नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं, “भावोजी, मुक्याच्या घरात पोर मुकी होईल. माझ्या दोघींत तिसरी. शाळेचं मी बघते.” तो म्हणाला, “असू दे.” शनिवारी संध्याकाळी ती ठकीला न्यायला येणार, असं ठरलं.

त्याच शनिवारी कारखान्याने कामगारांच्या मुलांना कामाची जागा दाखवायचा दिवस ठेवला. रेडिओने ठकीला नेलं ते हौसेने नव्हे. शाळेला सुट्टी होती आणि शेजारीण गावाला गेली होती, म्हणून नेलं.

शेडच्या दारात जॉबरने सगळ्या पोरांना उभं केलं. “पिवळ्या पट्ट्याच्या आत पाय टाकायचा नाही. आणि हे नीट बघा,” म्हणत त्याने मूठ वळून हात सरळ वर केला. “ही वर गेली की आधी माग थांबवायचा. कारण नंतर. मालकाने केली तरी, झाडूवाल्याने केली तरी. मागे एकाने आधी ‘का रे?’ म्हणून विचारलं, तेवढ्यात दुसऱ्याची बोटं गेली.”

“आम्ही केली तरी?” एका पोराने विचारलं.

“तुम्ही केली तरी. पण उगाच केलीत तर कान उपटून हातात देईन. आणि माग पूर्ण थांबेपर्यंत मूठ खाली आणायची नाही, समजलं?”

ठकी पिवळ्या पट्ट्यामागे सुताच्या कांड्या भरणाऱ्या काकूंजवळ उभी राहिली. काकू या शेडमधल्या सगळ्यात जुन्या, त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. समोर बाबा माग चालवत होता आणि एक हात मोकळा झाला की पलीकडच्या रांगेशी बोलत होता. पलीकडचे हसत होते. ठकी डोळे फाडून बघत राहिली. आपला बाप कोणाला हसवू शकतो, हे तिला नवीन होतं.

चहाच्या सुट्टीत दार बंद झालं, आवाज मागे राहिला, तसं तिने काकूंना विचारलं, “बाबा काय सांगत होते त्यांना?”

“तुझंच की!” काकू बिस्कीट बुडवत म्हणाल्या. “रोज सकाळी बातम्या असतात आम्हाला. ठकीने वेणी स्वतःची स्वतः घातली, एक वर, एक खाली. ठकी झोपेत दात खाते. ठकीचा दात हलतोय, पण कोणाला हात लावू देत नाही. तुझी खूण पण आहे, ही बघ.” त्यांनी दोन मुठी कानांशी धरल्या, एक वर, एक खाली.

ठकीने शेजारी चहा घेऊन बसलेल्या बापाकडे पाहिलं. “दात हलतोय ते तुम्हाला माहीत आहे?”

“हं,” तो म्हणाला.

खरं तर तो स्वतःच चकित झाला होता. आपण रोज हे सांगतो, याचा त्याला पत्ताच नव्हता. डास चावला की हात आपसूक खाजवतो, तसे त्याचे हात बोलत होते आणि तो आपला वेगळाच कुठेतरी होता. त्याने चहा पिऊन टाकला. चव लागली नाही.

“आणि हिला आता पाठवणार म्हणे,” काकू कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. “मग आम्ही काय ऐकायचं, तुझं डोंबल?”

“असू दे,” तो म्हणाला. काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर तिथेच पाणी पाणी झाला असता.

दुपारी टोकाच्या रांगेत एका नव्या माणसाने मूठ वर केली. रेडिओचं लक्ष नव्हतं, पण त्याचा हात आधीच माग थांबवायच्या दांड्यावर गेला आणि दांडा खाली आला. रांगेमागून रांग बंद पडली. धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा जरासा अडकला होता, बाकी काही नाही. जॉबर चकार शब्द बोलला नाही, तिथे या गोष्टीवरून कोणाला रागवायची पद्धतच नव्हती. मात्र त्या एकदम पडलेल्या शांततेत एक गाणं उघडं पडलं. एवढ्या आवाजात कोणाला कळतंय म्हणून ठकी मोठमोठ्याने गात होती. ती जीभ चावून गप्प झाली, सगळे हसले. हल्ली घरात हे ऐकू येत नाही, असं रेडिओच्या मनात आलं. मग माग सुरू झाले.

संध्याकाळी मेहुणी येऊन बसलेली होती. तिच्याकडे किल्ली होती. ठकीची पिशवी तिने भरून ठेवली होती, फ्रॉक, दप्तर, कंगवा, सगळं. “सुट्टीत इकडेच पाठवीन हो, भावोजी. तुम्हीही येत जा.”

“हं.”

“मनापासून ना? नंतर मला बोल नको.”

“असू दे.”

ठकी चपला न काढता उंबऱ्याशी उभी होती. मेहुणीने पिशवी उचलली, “चल गं बाळा,” म्हणाली आणि पायरी उतरायला वळली.

ठकीने मूठ वळली आणि हात सरळ वर केला.

“हे काय आता?” मेहुणी म्हणाली.

रेडिओचा हात खाली झेपावला. घरात दांडा नव्हता, पिशवी होती. त्याने तिचा बंद धरला आणि ओरडला, “थांबा!” शेडमध्ये ओरडतात तसा, एवढ्या मोठ्याने की समोरचं दार उघडलं.

“अहो, पण झालं काय?” मेहुणी पांढरीफटक पडली होती.

“ते नंतर विचारायचं, ताई. आधी थांबायचं.” त्याचा आवाज फाटला होता. सुई उतरायला लागली की आधी दुखतं. त्याला दुखत होतं, भयंकर दुखत होतं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

तो ठकीकडे वळला. “काय झालं गं?”

“मी गेले,” ठकी म्हणाली, “तर सोमवारी तुम्ही तिथे काय सांगाल?”

तो पिशवी घेऊन आत गेला. मेहुणी पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावला. त्याने पिशवी कॉटवर उलटी केली, फ्रॉक कपाटात ठेवले, दप्तर खिळ्याला अडकवलं, कंगवा आरशापाशी ठेवला.

मग ठकीने हात खाली घेतला.