कार्टूनमधली हिंदी

लेकीनं मोबाइलवर ते जपानी कार्टून लावलं, की त्यातल्या रडक्या पोराचा हिंदी आवाज ऐकून मी तव्यावरची भाकरी सोडून अंगणात येरझाऱ्या घालते.

मोखाड्याच्या आमच्या पाड्यात एकच टीव्ही होता. त्याच कार्टूनवरून मी हिंदी शिकले. एकदा दिवाळीनंतर आम्ही भिवंडीला वीटभट्टीवर गेलो आणि आई तापानं फणफणली. बाबा म्हणाला, "तूच सांग शेटला, तुला हिंदी येते."

मला त्या पोराचीच हिंदी येत होती, त्याच सुरात, हुंदक्यांसकट. शेट पोट धरून हसला. "फिर से बोल," म्हणाला. मी तीनदा बोलले, तेव्हा त्यानं दवाखान्यात न्यायला टेम्पो दिला.

आई वाचली. आपण छान बोललो, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. आता डोळ्यांसमोर येतो तो शेटबरोबर मोठमोठ्यानं हसणारा बाबा.