माझ्या भावाचं सहावं गाणं

माझा धाकटा भाऊ पन्नाशीत अल्बम काढणार असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. विमानतळाच्या कार्गोत नोकरी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि ह्याला गाणी सुचतात. वर्षभर त्यानं आमच्या मरोळच्या घरात माळ्यावरच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून गिटार, माउथ ऑर्गन आणि शेजारच्या पोरीचं व्हायोलिन रेकॉर्ड केलं. आठ गाणी. भाषा आमची घरातली मराठी आणि चाल अमेरिकेतल्या गुराख्यांच्या गाण्यांची. आम्हां मरोळच्या ख्रिस्ती लोकांना त्या गाण्यांचं खूळ जुनं आहे. लग्नात सूट घातलेले काकालोक डोक्यावर हॅट चढवून नाचतात ते त्याच गाण्यांवर. पण ह्याची गाणी नाचायची नव्हतीच. इतकी संथ, इतकी उदास, की एकदा मी जिन्यातूनच विचारलं, कुणाची मयत आहे का रे वर. तर म्हणाला, "बाय, तू नंतर ऐक. सगळ्यांबरोबर." मला वाटलं, लाजतोय.

मे महिन्यातल्या एका रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, आमच्या अंगणात ऐकायचं ठरलं. खुर्च्या मांडल्या, उकडलेले चणे केले, सरबत केलं. पस्तीसएक माणसं जमली. पपा व्हरांड्यात त्यांच्या खुर्चीत बसले होते. मम्मी जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून ते कामापुरतंच बोलतात.

पहिल्या गाण्याला लोकांनी पायानं ताल धरायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दुसऱ्या गाण्यानंतर हॅटवाल्या एका काकांनी विचारलं, "ढोलवाला जिवंत आहे ना रे?" सगळे हसले, माझा भाऊही हसला. पण तिसऱ्यापासून हसणं कमी झालं. चौथं गाणं आमच्या बुजवलेल्या विहिरीवर होतं. ते संपलं तेव्हा म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या आणि चणे तसेच राहिले होते. मला खरंच अभिमान वाटला. म्हटलं, झकास केलंय पोरानं.

मग सहावं लागलं. नुसती गिटार आणि त्याचा आवाज.

"आये, पाणी मागितलंस तू, मी ओठ पुसले. कापूस ओला होता, मी कोरडंच ठेवलं तुला."

 ते मी केलं होतं. मम्मीला अर्धांगाचा झटका आला होता, गिळता येत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की तोंडानं पाणी द्यायचं नाही, फुफ्फुसात जाईल. नुसता ओला कापूस ओठांवरून फिरवायचा. तिला एकच शब्द नीट बोलता यायचा, "पाणी". तो ती दिवसभर म्हणत राहिली आणि मी दिवसभर नाही म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. मी हे जन्मात एकाच माणसाला सांगितलं होतं, ह्या भावाला, आणि तेसुद्धा रडून रडून. आणि आता ते पस्तीस माणसांसमोर स्पीकरवर वाजत होतं.

गाणं संपलं.  माझी आत्या, पपांची मोठी बहीण, काठी टेकत उठली आणि भावासमोर जाऊन उभी राहिली. "तू आयला पाणी नाय दिलंस?"

आमच्याकडे हे असंच आहे. लग्नातली आमची गाणी नाव घेऊन गायची असतात, कुणाचा नवरा आळशी, कुणाची सासू खवट, सगळं खरंखुरं. त्यामुळे गाण्यातला 'मी' म्हणजे गाणाराच, ह्यात कुणाला शंका नसते. हॉस्पिटलात आम्ही आळीपाळीनं थांबायचो, तेही सगळ्यांना माहीत. भाऊ मान खाली घालून उभा राहिला. नाही म्हणाला नाही. आत्यानं सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. केस पांढरे झालेल्या माणसाला.

मला आधी त्याचाच राग आला. मी त्याला दंडाला धरून व्हरांड्यात ओढलं. "कुणाला विचारून केलंस रे हे?"

"तुझं नाव कुठे घेतलं? माझ्यावर घेतलं ना."

"का पण?"

"तू सहा वर्षं नीट जेवली नाहीस, म्हणून." तो गाल चोळत म्हणाला, "म्हटलं, एकदा गाण्यात जाऊ दे. मारतील तर मला मारतील."

 अंगणात बायका कुजबुजत होत्या, कुणी सरबताचा ग्लास खाली ठेवून निघालं होतं. त्याच्या वर्षाच्या मेहनतीची वाट लागली होती आणि मी गप्प बसले तर तो जन्मभर आईला पाणी न देणारा मुलगा म्हणून राहणार होता. मी पायरीवर गेले.  मग म्हटलं, "आत्या, तो नव्हता. मी होते. मी नाही दिलं पाणी."

 आत्या माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता मलाही बसणार, आणि बसली असती तर बरंच वाटलं असतं.

"मी दिलं," मागून आवाज आला.

पपा होते. खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. एवढा मोठा आवाज त्यांचा मी किती दिवसांत ऐकला नव्हता.

"तू खाली चहा प्यायला गेलीस तेव्हा," ते मला म्हणाले. "चमच्यानं पाजलं. मग तिला खोकला लागला. रात्रभर लागला. पहाटे गेली." त्यांनी खुर्चीचे हात सोडले. "मी मारलं तिला. कुणाला बोललो नाय."

तो खोकला मला आठवत होता. मी नर्सला बोलावलं होतं, पपा तेव्हा खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी त्यांना सांगायला हवं होतं की तसं नाही पपा, ती तशीही जाणारच होती, डॉक्टर बोलले होते. ते मी नंतर सांगितलं, अजूनही सांगते. पण त्या वेळी माझ्या तोंडातून दुसरंच निघालं.

"प्यायली ती?"

"प्यायली."

"मग?"

"अजून मागितलं."

"आणि तुम्ही?"

"दिलं ना," पपा म्हणाले. "तिला पुरे होईस्तोवर दिलं."