शांताताईचं रक्त खराब नव्हतं

माझ्या थोरल्या बहिणीला तापानं नाही, घाणेरड्या सुईनं मारलं.

आज तिची पुण्यतिथी. या दिवशी आमच्या घरात नुसती फुलं वाहायची, हे मोठ्यानं बोलायचं नाही अशी रीत होती. बस झाली ती रीत.

साठचं दशक. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. अमडापूरजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा. शांताताई मोट हाकताना बैलांना शीळ घालायची. पोरीच्या जातीनं शीळ? माय ओरडायची. ही आणखी जोरात घालायची.

एका श्रावणात तिला ताप आला. साधा हिवताप असेल.

बाजाराच्या दिवशी बाहेरगावचा एक डॉक्टर येऊन ओट्यावर बसायचा. माय तिला तिथं घेऊन गेली. मी ताईचा हात धरून सोबत.

भली मोठी रांग. काचेची एक पिचकारी, तिला एकच सुई. एकाच्या दंडातून काढायची, कापसाच्या बोळ्यानं पुसायची, दुसऱ्याच्या दंडात खुपसायची.

उकळायला स्टोव्हसुद्धा नव्हता हो. मी लहान होते, पण मला डोळे होते.

ताईचा दंड टरारून सुजला. लाल, मग काळपट. हुडहुडी भरायची, काहीबाही बरळायची. एसटीत घालून बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी दंड पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सुई कुठं घेतली होती?"

मायनं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गळवाचं विष रक्तात भिनलंय. फार उशीर झालाय, बाई."

ताई तिथंच गेली. जाताना तिनं मला ओळखलंही नाही.

आज त्याला सेप्सिस म्हणतात. तेव्हा गावानं वेगळंच नाव दिलं. कारण ओट्यावरच्या डॉक्टरनं सांगून टाकलं होतं, "पोरीचं रक्तच खराब होतं. माझी सुई काय करणार?"

आणि लोकांनी माना डोलावल्या!

माझी मधली बहीण विमलताई. तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालेलं, दुसरबीड गावच्या एका घरी. त्यांचा निरोप आला: खराब रक्ताच्या घरची पोरगी आम्हाले नको.

माय चुलीपाशी बसून रडत होती. विमलताई उठली.

"रडून काय होते, माय? त्या दिवशी अजून कोनं कोनं सुई घेतली, ते पाहून येतो मी."

घरोघर फिरली. गोदाकाकूच्या दंडात गळू. लोहाराला हात वर उचलता येईना. आणखीही कितीतरी जण. कुणीच कुणाला बोललं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच काही बाधणारं खाल्लं, आपलंच कुठंतरी चुकलं.

पुढच्या बाजाराला ती सगळ्यांना घेऊन ओट्यासमोर उभी राहिली.

"डाक्टर, माह्या बहिनीचं रक्त खराब होतं म्हनता ना? मंग या गोदाकाकूचं? या लोहारदादाचं? अख्ख्या गावाचंच रक्त खराब हाये काय?"

"ए पोरी, तुला काय कळतं डॉक्टरीतलं?"

"काईच नाई कळत. म्हनून तं पुसून राह्यली. सुई उकळली होती काय? हाव म्हना नाई तं नाई म्हना."

बाजार थांबला होता.

 त्यानं बॅग उचलली आणि चालता झाला.

त्याचं काहीही वाकडं झालं नाही. ना चौकशी, ना शिक्षा. नंतर कळलं, तो दुसऱ्या गावच्या बाजारात बसायला लागला. बहुतेक तीच सुई घेऊन. हे आठवलं की आजही माझं डोकं सणकतं.

आमच्या गावात मात्र बाया शहाण्या झाल्या. पुढच्या डॉक्टरला त्या दंड दाखवायच्या आधी उकळतं पाणी दाखवायला लावायच्या.

दुसरबीडचे पाहुणेही परत आले. गैरसमज झाला म्हणाले. विमलताईनं आतूनच सांगितलं, "मले नाई यायचं त्या घरी." नाहीच गेली.

मी मायक्रोबायॉलॉजी शिकले. जन्मभर दवाखान्यांतल्या इन्फेक्शनवर रिसर्च केला. आणि एवढ्या वर्षांत किती मीटिंगांमध्ये ऐकलं म्हणून सांगू: "मॅडम, पेशंटची इम्युनिटीच लो होती."

एसी हॉल, प्रोजेक्टर, गळ्यात टाय. वाक्य ओट्यावरचंच!

त्याच वॉर्डात अजून कुणाला ताप आला? हात धुतले होते का? विचारलं की सगळे एकदम मोबाइलमध्ये बघतात. मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून ठपका त्याच्याच माथी. किती सोयीचं!

आज सकाळी विमलताईचा फोन आला. आता तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून ओरडूनच बोलते.

"शांताबद्दल लिहून राह्यली काय? लिही. पन गोड गोड लिहू नको."

नाही लिहिलं, विमलताई.

शांताताई, तुझ्या फोटोला फुलं वाहिली. हात जोडले. राग मात्र सोडला नाही.