दारातला गुलाल

मुलांनो, आमची फियाट धुवायला दर रविवारी एक गृहस्थ यायचे. चारी दारं उघडून ते आधी दारांच्या खाचांत डोकावायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "वरनं नवरी, आत उकिरडा हाय की, बाईसाब!" मग काडीला चिंधी गुंडाळून, ती रॉकेलमध्ये बुडवून, ग्रीस आणि धुळीचा काळा थर खरवडून काढायचे. एवढासा डाग राहिला तरी दार लावायचे नाहीत.

तुमची आई परदेशी निघण्याआधी आम्ही सगळे जोतिबाला जाऊन आलो. गाडीच्या खाचा गुलालानं गच्च भरल्या होत्या. तिला निरोप देऊन परतलो, त्या रविवारी त्यांनी तीन दारं लख्ख केली आणि मागचं एक नुसतंच लावून टाकलं.

"हे राहिलं की," मी म्हटलं.

"ताईसाब हितंच बसायच्या न्हवं? आल्या की त्यास्नीच धुवाय लावा."

पुढे ते दार त्यांनी कधीच धुतलं नाही. मी मात्र त्याच दारानं गाडीत चढत असे. साडीच्या काठाला गुलाल लागायचा आणि मी तो झटकत नसे.