लालवर अडायला हवं

पांचाळकाका कुठलीही बंदूक हातात घेतली की आधी तिचा बोल्ट, म्हणजे गोळीमागची सरकती खीळ, मागे ओढायचे आणि उघड्या पोकळीत करंगळी घालून बघायचे. आत गोळी नाही असं समोरच्याने शपथेवर सांगितलेलं असो, नाहीतर दोन मिनिटांपूर्वी त्यांनी स्वतःच ती खाली ठेवलेली असो. सवय इतकी हाडीमासी खिळली होती की आमच्याकडे जेवायला आले की कुकरची शिट्टी काढून तिच्या भोकातही डोकावायचे. बायको म्हणायची, "अहो काका, धुतलाय तो." काका म्हणायचे, "धुतलाय हे तू सांगतेस. मोकळा आहे हे मला बघू दे."

ओटावाच्या पश्चिमेला, कनाटा उपनगरातली एकसारखी घरं संपून शेतं सुरू होतात तिथे त्यांचं घर होतं आणि घरामागे शॉप, म्हणजे कामाची शेड. पुण्याजवळच्या एका सरकारी शस्त्रकारखान्यात वीस वर्षं लेथ चालवून ते इथे आले. आधी कुणाच्या तरी मशीन शॉपमध्ये राबले, मग लायसन्स काढून बंदुका दुरुस्त करायला लागले. गणपतीत आमच्या मंडळाची माणसं त्यांना तोंडावर काका म्हणायची आणि पाठीमागे 'बंदूकवाले'. आणि हे बंदूकवाले केकमध्ये अंडं आहे का, हे विचारल्याशिवाय तुकडा तोंडात घालत नसत. जन्मात चिमणीवर गोळी झाडली नव्हती. मी एकदा छेडलं तेव्हा म्हणाले, "मी शिंपी आहे रे. बेतून, शिवून देतो. घालून मिरवायला जात नाही."

त्यांचा हात खरा चालायचा तो कॅलिबर बदलण्यात. इकडे बापाची रायफल मुलाकडे येते, नवऱ्याची बायकोकडे. ती टाकवत नाही, पण तिचा दणका खांद्याला सोसत नाही. मग काका जुनी नळी उतरवून लहान गोळीची नवी नळी बसवायचे. बाकी रायफल तीच. यातली मेख म्हणजे काडतूस बसतं ती जागा. ती केसभर जास्त खोल गेली तर गोळी सुटताना काडतूस मागून फाटतं, आणि मागे असतो माणसाचा गाल. ते तपासायला त्यांच्याकडे काडतुसाच्या आकाराची दोन पोलादी मापं असत, एक हिरव्या टोकाचं, एक लाल. हिरवं आत घालून बोल्ट सहज मिटायला हवा. लाल घातलं की अर्ध्यात अडायला हवा.

"हिरव्यावर काय, कुणीही मिटतं," काका म्हणायचे. "लालवर अडायला हवं." मी घर घेताना, बायकोने नोकरी सोडताना, प्रत्येक वेळी त्यांचा एकच प्रश्न असे, "लाल घालून बघितलंस का?" मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

काकू गेल्या आणि पाठोपाठ काकांच्या साखरेने डोकं वर काढलं. बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. लाल मापावर बोल्ट कुठे अडतो हे ते हाताने ओळखायचे, डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. आता डोळ्यांतही मोतीबिंदू. एका शनिवारी त्यांनी मला शॉपमध्ये बोलावून स्टुलावर बसवलं. "तू टेस्टर ना? दिवसभर लोकांच्या चुका काढायचा पगार घेतोस. आठवड्यातून एक दिवस माझ्या काढ. हात माझे, डोळे तुझे. दिसलं ते बोलायचं, बास."

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो. ऑफिसात तर मी मॅनेजरच्या कामातली चूकसुद्धा बेधडक लिहून पाठवतो. दोन वर्षं दर शनिवारी गेलो. काका काम करायचे, मी बघायचो, आणि खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत चूक म्हणून काढायला काही मिळालंच नाही.

त्या शरदात लुईझ आली. साठीची, चार मैलांवर एकटी राहणारी. नवऱ्याच्या माघारी त्याचीच रायफल घेऊन दर नोव्हेंबरात एक हरीण आणायची आणि तेवढ्यावर तिचा फ्रीजर हिवाळाभर चालायचा. खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने ती रायफल बंद करायला सांगितलं. दुसरी घ्यायला ती तयार नव्हती. तिने दस्त्यावरची, नवऱ्याच्या गालाने गुळगुळीत झालेली जागा काकांना दाखवली. काकांनी त्यावर बोट फिरवलं. "डोन्ट वरी, लुईझ. सेम रायफल, स्मॉल किक."

खंडेनवमीला काका लेथची पूजा करायचे. पोलादाला हळदकुंकू, झेंडूऐवजी ग्रोसरीतून आणलेली पिवळी शेवंती. त्या दिवशी बाकावर अर्धवट काम ठेवायचं नाही हा त्यांचा कारखान्यापासूनचा नेम. म्हणून आदल्या दिवशी लुईझची नळी पुरी करायचीच होती. सकाळी दोन तासांवरच्या लव्हालहून त्यांच्या मुलाचा, निखिलचा, फोन आला. काका फोन स्पीकरवर ठेवायचे, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. "बाबा, इनफ. यू कान्ट ईव्हन बटन युअर शर्ट. शॉप विका आणि इकडे या." काका म्हणाले, "एवढं काम होऊ दे," आणि फोन ठेवला. मग बराच वेळ ते शर्टाच्या बटणाकडे बघत होते.

दुपारी नळी बसली. हिरव्यावर बोल्ट मिटला. मग त्यांनी लाल माप घातलं आणि बोल्टची दांडी खाली दाबली. ती अर्ध्यात थांबली नाही. अगदी बुडापर्यंत गेली. मला स्वच्छ दिसलं.

"अडला ना?" काकांनी विचारलं. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. सकाळपासून पहिल्यांदा त्यावर जरा उजेड दिसत होता.

मी म्हणालो, "हो काका."

का म्हणालो? मनात आलं, चाळीस वर्षं हेच करणाऱ्या माणसाला मी काय सांगणार. आलं, की आजच मुलाने बोलून घेतलंय, आता मीही? मोठ्यांच्या हातातली खोट तोंडावर काढायची नाही, हे आमच्या घरात श्लोकांच्याही आधी शिकवलं होतं. आणि शेवटी स्वतःची समजूत घातली, की पहिली गोळी ते नेहमी रायफल टायरला बांधून, भिंतीआडून दोरीने झाडतात. काही असलंच तर तेव्हा कळेल. कुणाला इजा होणार नाही. दुसऱ्या दिवशी त्या रायफलीला कुंकू लागलं. मी प्रसादाचा शिरा दोनदा घेतला.

पुढच्या शनिवारी लुईझ आली. भुरभुर बर्फ सुरू झालं होतं. शॉपमागच्या मातीच्या बांधासमोर काकांनी टायर ठेवला आणि दोरी हातात घेतली. गाठ बसेना. बोटांतून दोरी दोनदा निसटली. लुईझ बघत होती. काकांनी दोरी खाली टाकली आणि हसून म्हणाले, "यू नो व्हॉट, आय अ‍ॅम शुअर ऑफ धिस वन. यू टेक द फर्स्ट शॉट."

तिने आनंदाने रायफल उचलली. दस्ता गालाला लावला, नवऱ्याने लावायचा तिथेच.

"काका, दोरी बांधा," मी म्हणालो. "मी बांधतो. तिला थांबवा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग तिच्या हातातून रायफल हळूच काढून घेतली. गाठी मी मारल्या, दोरी त्यांनी ओढली. आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला आणि बोल्टच्या फटीतून धूर निघाला. काडतूस बाहेर काढलं तर ते बुडाशी फाटलं होतं. काकांनी ते तळहातावर घेतलं आणि लुईझला एवढंच सांगितलं, "माय मिस्टेक. नॉट रेडी."

ती गेल्यावर त्यांनी विचारलं, "तू बघितलं होतंस?"

"हो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "मी तुझ्याकडे मान मागितला नव्हता रे. डोळे मागितले होते."

त्यानंतर त्यांनी मला शॉपमध्ये बोलावलं नाही. रायफल स्वखर्चाने दुसऱ्या कारागिराकडून नीट करून घेतली, नाताळच्या आत शॉप विकलं आणि लव्हालला गेले. मी फोन करायचो. "बरंय. तुमचं बरंय ना?" एवढंच. मला ते पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणायला लागले होते. एकदा भेटायला गेलो तेव्हा सातव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसले होते. चहा विचारला, रस्ते कसे आहेत विचारलं. त्या दिवसाचा विषय काढायचा असं मी ओटावापासून ठरवून निघालो होतो. चहा पिऊन परत आलो.

पुढच्या फेब्रुवारीत काका गेले. शोकसभेत निखिल म्हणाला, "तुम्ही बोला, यू वेअर हिज क्लोजेस्ट." मी बोललो. अशा वेळी बोलतात ते सगळं बोललो. पांचाळकाकांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही, असंही म्हणालो. माणसांनी डोळे पुसले.

शेवटच्या रांगेत लुईझ होती. तेवढ्या बर्फातून एकटी गाडी चालवत आली होती. बाहेर कोट चढवताना तिने विचारलं, मराठीत काय सांगितलंस? मी तेच इंग्रजीत सांगितलं.

"एक झाली होती," ती म्हणाली. "माझ्या रायफलीत. मी मरता मरता वाचले, असं त्यांनीच मला घरी येऊन सांगितलं. मी विचारलं, तुमचा तो मित्र तर शेजारीच असतो, त्याला नाही दिसलं? तर म्हणाले, नाही, त्याला तिथून दिसत नव्हतं."

मला सगळं दिसलं होतं. मी तिच्या कोटाची बाही धरून ठेवली, तिचा दुखरा खांदा त्यात जाईपर्यंत, आणि रस्ते कसे आहेत ते विचारलं.