मोजायचे नाहीत असे पक्षी

“मोजू नको रे बाबा, ओळख!” असं म्हणून चाचा माझ्या पेन्सिलीवर पंजा ठेवायचे.

चाचा रत्नागिरीकडचे. साठच्या दशकात शारजाच्या पूर्व किनाऱ्यावर आमच्या सर्व्हे कॅम्पची लाँच चालवायचे. मी तिथला क्लार्क. खाडीतल्या तिवरांच्या बेटावर पांढऱ्या गळपट्ट्याचे खंड्या पक्षी राहत. असला खंड्या या मुलखात दुसरीकडे कुठे नाही, असं कॅम्पचा साहेब म्हणे. त्याला पक्ष्यांचं वेड होतं.

जित्या जिवाची मोजदाद केली की नजर लागते, हा चाचांचा कायदा. कंपनीचा फॉर्म भरताना मी विचारलं, “मुलं किती?”

“माशाल्ला, घर भरलंय.”

“आकडा सांगा.”

“आकडा माशांचा विचार. पोरांचा कसला आकडा?”

तो रकाना रिकामा राहिला आणि माझा अख्खा दिवस नासला. रिकामा रकाना मला बघवत नसे.

पक्षी मात्र त्यांना एकेक करून ठाऊक. एक लंगडा, एक भांडखोर बाई, एक जावईबापू. बेटाला वळसा घालताना ते नुसते बघत आणि म्हणत, “सगळे घरात. यल्ला, चला!” मला सगळे सारखेच दिसत, खोटं कशाला बोलू?

एका हिवाळ्यात वादळ झालं. निम्मी तिवरं आडवी झाली. सरपणासाठी ते बुंधे तोडायचं ठरत होतं. पण हे खंड्या जुन्या बुंध्यांच्या ढोलीतच घरटं करतात. साहेब म्हणाला, पक्षी उरले असतील तर कुऱ्हाड लावू नका. किती उरले ते लिहून द्या.

चाचा बेटावर जाऊन आले. मी विचारलं, “किती?”

“आहेत ते आहेत.”

मी तीनदा विचारलं. शेवटी चिडून रकान्यात शून्य लिहिलं आणि कागद पाठवला. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बेटावर माणसं कुऱ्हाडी घेऊन उतरली. चाचांनी साहेबाला हाताला धरून लाँचमध्ये बसवलं. पाठोपाठ मी चढलो. बेटाजवळ चाचा एकेका पक्ष्याकडे बोट दाखवू लागले, नजर लागू नये म्हणून प्रत्येक आकड्यामागे अल्लाचं नाव घेत. “एक, माशाल्ला. दोन, माशाल्ला.” घामाने सदरा भिजला होता. नवावर ते थांबले. साहेबाने तोडणी बंद करवली.

आठवड्याने लंगडा दिसेनासा झाला. मी म्हटलं, “चाचा, म्हातारा होता तो. वादळात पंखही दुखावला होता.”

“मी मोजला ना त्याला,” ते म्हणाले. महिनाभरात करार संपला आणि ते गावी गेले.

उन्हाळ्यात मी मुद्दाम बेटावर गेलो. लंगडा ज्या कलत्या बुंध्यावर बसे, त्याच्या ढोलीतून चोची बाहेर आल्या होत्या. त्याच संध्याकाळी चाचांना पत्र टाकलं: “लंगड्याच्या बुंध्यात पिल्लं आहेत. मोजली नाहीत.”

उत्तर त्यांच्या थोरल्या मुलीचं आलं. अब्बा आजारी होते, शेवटची ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा वाचून घेतली आणि हसले. चार दिवसांनी गेले.

पत्राखाली सगळ्या भावंडांच्या सह्या होत्या. मी त्या एकेक करून वाचल्या. मोजल्या नाहीत.