जुन्या सर्व्हरचं कुंकू

इथले अनुभव वाचून खाली कमेंटमध्ये टिंगल करणारा माणूस मी. आता मीच लिहायला बसलोय... म्हणजे झालंच. माझा धंदाच असा, की प्रत्येक बिघाडाला कारण असतं. सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही, एवढाच अर्थ.

परभणीतल्या एका खाजगी दवाखान्याचं कॉम्प्युटरचं सगळं काम मी बघतो. पुण्याची नोकरी सोडून आलो ते आबांसाठी, माझ्या वडिलांसाठी. आई गेल्यावर त्यांना एकटं ठेववेना, म्हणून पोखर्णीहून रोज जाऊन-येऊन करतो. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही दवाखान्याचा जुना सर्व्हर काढला आणि सगळं व्हर्च्युअल केलं — एका मोठ्या मशीनच्या पोटात चार-पाच सर्व्हर. जुन्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा घर नंबर, लॅबच्या नव्या सर्व्हरला दिला.

गणपती उठले आणि लॅबचे पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, वाटेतच गळायला लागले. रिपोर्ट मध्येच अडकायचे, पिंगळी-पूर्णेहून आलेले पेशंट ताटकळत बसायचे. डॉक्टरसाहेब शांतपणे म्हणाले, दसऱ्यापर्यंत जमलं नाही तर काम बाहेरच्या कंपनीला देऊ. म्हणजे मला परत पुणं, आणि आबा एकटे. जीव टांगणीला लागला.

वायर बदलली, सगळ्या वायरी जिथे येऊन जुळतात तो नेटवर्कचा स्विच बदलला, नव्या सर्व्हरला दुसऱ्या मशीनवर हलवून पाहिलं. गळती तशीच. शेवटी कळलं — त्या एकाच पत्त्यावरून दोन मशीन उत्तर देतायत. हुश्श केलं, ही तर नेहमीची भानगड! दुसऱ्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे मशीनचा जन्मजात नंबर, ताडून पाहिला. तो जुन्या सर्व्हरवरच्या स्टिकरशी जुळला... आणि जुना तर स्टोअररूममध्ये पडलेला. वायर नाही, डिस्कसुद्धा काढलेली. असा नंबर हाताने देताही येतो, म्हणून कुणी तो दुसऱ्या सर्व्हरला दिलाय का, तेही सगळं तपासलं. कुठेच नाही. स्विच सांगत होता, तो सातव्या पोर्टवर, म्हणजे वायर खोचायच्या सातव्या खाचेत आहे. सातव्या पोर्टला काहीच जोडलेलं नव्हतं.

खंडेनवमीला आम्ही सगळ्या मशीनची पूजा केली. जेवायला कधी येतोस म्हणून आबांचा फोन आला, तेव्हा मी हे सगळं ओकून टाकलं. त्यांना कितपत कळलं कोण जाणे.

"त्या जुन्याला कुकू लावलंस का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"आबा, तो भंगारात काढलाय."

"मंग काय झालं? मोडका नांगर मी पुजतोच की दरसाली. घर चाललंय बाबा त्याच्यावर."

हसू आलं, तरी गेलो. भरदुपारी, कुणाला कळू न देता. धूळ पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. खरं सांगतो, वाईट वाटलं. इतकी वर्षं राबला बिचारा आणि आम्ही त्याला कोपऱ्यात ढकलून मोकळे झालो.

खुर्चीत येऊन पाहिलं, तर एकही पॅकेट गळत नव्हतं. तो दुसरा नंबर गेला, तो आजतागायत आलेला नाही. माझी नोकरी राहिली. योगायोग म्हणा, मीही चारचौघांत तसंच म्हणतो. कारण मात्र अजून सापडलेलं नाही, आणि नीट शोधलं नाही असंही म्हणवत नाही.

भंगारवाला आला तेव्हा मी तो सर्व्हर मागून घेतला. आता तो पोखर्णीला, आबांच्या नांगराशेजारी आहे. यंदा आबांनी दोघांना कुंकू लावलं. घरच्या वायफायवरून तो पत्ता पिंग करून, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघायला मला एक क्षण पुरेल... अजून केलेलं नाही.